पडत्या काळातली मुले

माणसाचे आयुष्य नेमके कोणत्या वयात घडते, असे विचारले तर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक उत्तर पाळण्याकडे बोट दाखवते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. दुसरे उत्तर गद्धेपंचविशीकडे बोट दाखवते. तेवढी सुखरूप पार पडली की माणूस मार्गी लागला, असे आपण धरून चालतो. या दोहोंच्या मध्ये जी चार-पाच वर्षे सापडतात, म्हणजे साधारण दहाव्या-अकराव्या वर्षापासून चौदाव्या-पंधराव्यापर्यंतची, त्यांच्याविषयी आपल्या म्हणींनाही फारसे सांगायचे नसते. मूल धड लहान नाही, धड मोठे नाही. लहानांच्या पंगतीत बसवले तर रुसते, मोठ्यांच्या पंगतीत बसवले तर अवघडते. घरात पैशाच्या गोष्टी निघाल्या की त्याला बाहेर खेळायला पिटाळले जाते, आणि काम पडले की ‘आता तू लहान का आहेस?’ असेही त्यालाच ऐकवले जाते.

या उंबरठ्यावरच्या वर्षांचे पुढच्या आयुष्याशी काय नाते आहे, हा आजचा विषय आहे. पण मी आपल्यापुढे मानसशास्त्राची सूत्रे मांडणार नाही. मी एक इतिहास सांगणार आहे. तो राजांचा नाही, लढायांचा नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओकलंड नावाच्या शहरातल्या १६७ मुलामुलींचा आहे. त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. परंतु एखादी विलक्षण आपत्ती कोसळत असताना तिच्या छायेत वाढणाऱ्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली, आणि पुढे ती नोंद वाचणारा जाणकारही लाभला, असा योग मनुष्यजातीच्या इतिहासात फार क्वचित येतो. तो येथे आला.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. कुमारवय हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट पश्चिमेकडेही फार जुनी नाही. इ. स. १९०४ मध्ये जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या विषयावर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्यात त्याने या वयाचे वर्णन वादळ आणि ताणाचा काळ असे केले. हे वादळ निसर्गतःच येते, ते सगळ्यांच्याच वाट्याला येते आणि ओसरते, असा त्याच्या मांडणीचा सूर होता. वादळ ओसरणारच असेल, तर वडीलधाऱ्यांनी खिडक्या लावून वाट पाहावी, एवढेच उरते. परंतु बाहेर खरेच वादळ सुटले असेल तर? घराचे छप्परच उडाले असेल तर? आतले वादळ आणि बाहेरचे वादळ एकाच वेळी आले म्हणजे मुलाचे काय होते, हा प्रश्न हॉलच्या खंडांनी सुटणारा नव्हता. त्यासाठी ओकलंडच्या मुलांची वाट पाहावी लागली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९२७ मध्ये बर्कली येथे बालकल्याणाच्या अभ्यासासाठी एक संस्था सुरू केली होती. तिच्यातील हॅरोल्ड जोन्स आणि हर्बर्ट स्टोल्झ या दोघांनी शेजारच्याच ओकलंड शहरातील पाच प्राथमिक शाळांतून पाचवी-सहावीतील मुले निवडली. ही मुले १९२० आणि १९२१ या वर्षी जन्मलेली. त्यांतील ८४ मुलगे आणि ८३ मुली यांचा १९३२ पासून १९३९ पर्यंत सतत मागोवा घेण्यात आला. उद्देश साधा होता: शरीर कसे वाढते, बुद्धी कशी वाढते, मूल चार मुलांत कसे वागते, हे पाहणे. उंची-वजने घेतली जात, चाचण्या होत, प्रश्नावल्या भरून घेतल्या जात, मुलांच्या आयांच्या मुलाखती होत, आणि मुले मोकळेपणी खेळत-बोलत असताना निरीक्षक त्यांच्या वागण्याच्या नोंदी करीत. देशावरच्या आर्थिक संकटाचा अभ्यास करावा, असे या मंडळींच्या मनातही नव्हते. पण काळ कोणाला विचारून येत नाही.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्यानंतरच्या चार वर्षांत बँका बुडाल्या, कारखाने थंडावले, आणि १९३३ साली अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे सुमारे एक माणूस बेकार होता. ओकलंडची आपली मुले त्या वेळी बारा-तेरा वर्षांची होती. त्यांच्या घरांतील मधल्या पातळीचे उत्पन्न १९२९ ते १९३३ या अवधीत सुमारे ४० टक्क्यांनी खाली आले. कोणाच्या वडिलांचा धंदा बसला, कोणाचे काम सुटले, कोणाचा पगार अर्ध्यावर आला. मुलांची उंची मोजणाऱ्या संशोधकांच्या वह्यांत हे सारे आपोआप उतरत गेले. पुढे या वह्या संस्थेच्या कपाटांत जाऊन पडल्या.

त्या कपाटांपाशी १९६२ मध्ये ग्लेन एल्डर हा तरुण समाजशास्त्रज्ञ आला. जॉन क्लॉसन या ज्येष्ठ अभ्यासकाच्या हाताखाली तो कामाला लागला होता. मुलांच्या नोंदी चाळताना त्याला जाणवले की, येथे केवळ मुलांची वाढ नोंदलेली नाही; एका देशाच्या संकटाची सावली बारा वर्षांच्या मुलांवर कशी पडली, हे येथे लिहिलेले आहे. त्याचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदीच्या मुलांविषयीचा हा ग्रंथ आज समाजशास्त्रातील एक पायाभूत कृती मानला जातो.

एल्डरची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्याने गरीब आणि श्रीमंत अशी ढोबळ वाटणी केली नाही. त्याने विचारले, कोणाचे किती *बुडाले*? मंदीत वस्तूंचे भावही उतरले होते. राहणीचा खर्च सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला होता. म्हणजे ज्याचे उत्पन्न वीस-पंचवीस टक्के घटले, त्याची झळ प्रत्यक्षात फारशी तीव्र नव्हती. म्हणून ज्या कुटुंबांचे उत्पन्न एक तृतीयांशाहून अधिक बुडाले, ती त्याने झळ लागलेली कुटुंबे मानली. बाकीची त्या मानाने बचावलेली. मग मध्यमवर्गातली अशी दोन प्रकारची घरे आणि कामगारवर्गातली अशी दोन प्रकारची घरे त्याने शेजारी शेजारी ठेवली. एकाच आळीतल्या, एकाच शाळेतल्या दोन मुलांपैकी एकाच्या घरचे बुडाले आणि दुसऱ्याचे टिकले, तर पुढे दोघांच्या आयुष्यात काय अंतर पडले, हे आता पाहता येऊ लागले.

काय दिसले? पहिली गोष्ट अशी की, झळ लागलेल्या घरातला कारभारच बदलला. पूर्वी वडील कमवीत, आई घर सांभाळी, मुले शिकत. आता पैशाने होणारी कामे हातांनी होऊ लागली. बाहेरून विकत आणायच्या वस्तू घरी करणे आले, कपडे घरी शिवणे आले, आईने बाहेर मिळेल ते काम धरणे आले. आणि या बदललेल्या कारभारात बारा-चौदा वर्षांच्या मुलांना जागा मिळाली. मुलगे वर्तमानपत्रे टाकू लागले, दुकानांत हरकामे करू लागले आणि चार नाणी घरात आणू लागले. मुली स्वयंपाकघर आणि धाकटी भावंडे सांभाळू लागल्या. काम करणाऱ्या मुलग्यांविषयी निरीक्षकांचे मत असे पडले की, ते अधिक उत्साही आणि कामसू आहेत. त्यांच्या आयाही सांगत की, पोरगा पैशाच्या बाबतीत जबाबदारीने वागतो. मोठ्यांच्या सहवासाची या मुलांना ओढ वाटे. थोडक्यात, मोठेपण त्यांच्याकडे थोडे लवकर चालून आले होते.

दुसरी गोष्ट कडू आहे. घरात वडिलांचे स्थान खाली आले. मुलांच्या लेखी घराचा आधार आता आई होती. ज्याने आयुष्यभर कमाईवर आपला मान तोलला, त्या माणसाला रिकाम्या हातांनी घरात बसणे किती जड जाते, हे कोणत्याही देशातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मुलींच्या वाट्याला आणखी एक दुःख आले. झळ लागलेल्या घरांतील मुलींना शाळेत बेताच्या कपड्यांनी जावे लागे. त्या वयात चार मैत्रिणींत आपण उणे दिसतो ही जाणीव मनाला फार बोचते, आणि या मुली अशा बाबतींत अधिक हळव्या झालेल्या आढळल्या. शिवाय पुढे महाविद्यालयात जाण्याची संधीही अशा घरांतील मुलींना कमी मिळाली. मुलग्याचे काम त्याला घराबाहेर नेत होते. मुलीचे काम तिला घरात बांधीत होते. संकट एकच, परंतु त्याची वाटणी सारखी नव्हती.

आता त्या मुलांचे पुढे काय झाले ते पाहू. सर्वसाधारण कल्पना अशी की, ज्याचे कुमारवय टंचाईत गेले तो आयुष्यभर मागे राहणार. ओकलंडच्या मुलांनी ही कल्पना खोटी ठरवली. झळ लागलेल्या मध्यमवर्गीय घरांतील मुलगे पुढे व्यवसायात बचावलेल्या घरांतील मुलग्यांच्या मागे राहिले नाहीत. आपल्याला काय करायचे आहे हे त्यांनी उलट लवकर ठरवले. मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीनेही, ज्यांना काहीच झळ लागली नव्हती अशा सुखवस्तू घरांतील मुलांपेक्षा ही मंडळी अधिक खंबीर निघाली. कामगारवर्गातील झळ लागलेल्या मुलांचे चित्र मात्र इतके उजळ नव्हते. शिक्षणात त्यांना अधिक अडथळे आले. ज्याच्या घरी मुळात थोडी शिल्लक होती, शिक्षणाची परंपरा होती, त्याला संकटाने शहाणे केले. ज्याच्या घरी शिल्लकच नव्हती, त्याच्याकडून संकटाने अधिक किंमत वसूल केली.

येथे कोणी म्हणेल, ‘म्हणजे आमचे वडीलधारे म्हणत तेच खरे! मुलांना थोडे चटके बसलेच पाहिजेत. त्याशिवाय ती घडत नाहीत.’ मित्रहो, हा निष्कर्ष फार सोपा आहे, आणि म्हणूनच तो घाईचा आहे. तो मोडून काढणारा पुरावा ओकलंडला अगदी लागून असलेल्या बर्कली शहरातच होता.

त्याच संस्थेतील जीन मॅकफार्लेन या विदुषीने १९२८ च्या जानेवारीपासून दीड वर्षाच्या काळात बर्कलीत जन्मलेले दर तिसरे मूल आपल्या अभ्यासासाठी घेतले होते. ही मुले ओकलंडच्या मुलांहून सुमारे आठ वर्षांनी लहान. मंदी तीच, किनारा तोच, परिस्थिती जवळजवळ तीच. फरक एवढाच की, ओकलंडच्या मुलांवर मंदी आली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि बर्कलीची मुले चार-पाच वर्षांची होती. एल्डरने या दुसऱ्या गटाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चित्र उलटे दिसले. झळ लागलेल्या घरांतील बर्कलीचे मुलगे कुमारवयात पोहोचले ते आत्मविश्वास गमावलेले, शाळेत मागे पडणारे आणि पुढच्या आयुष्याविषयी फारशी आशा नसलेले असे. मुली त्या मानाने सावरलेल्या होत्या. कारण संकटाच्या काळात त्या आईच्या अधिक जवळ आल्या होत्या.

एकच संकट, आणि परिणाम असे निराळे का? बारा वर्षांच्या मुलाला घरावर काय कोसळले आहे हे समजते, त्याला नाव देता येते, आणि त्यासाठी काही करताही येते. चार वर्षांच्या मुलाला यांतले काहीच जमत नाही. त्याच्यापुढे फक्त वडिलांचा संताप असतो. बर्कलीच्या नोंदींचा विशेष असा की, तेथे मंदीच्या आधीचीही माहिती होती. तिच्यावरून असे दिसले की, जे बाप आधीपासूनच तापट होते ते पैसा बुडाल्यावर अधिक तापट झाले. एका दिवशी ज्या गोष्टीला हसत त्याच गोष्टीसाठी दुसऱ्या दिवशी मारीत. म्हणजे टंचाईने मुलांचे जे नुकसान केले ते बहुतांशी रिकाम्या डब्यातून केले नाही. बापाच्या बिथरलेल्या स्वभावातून केले. जेथे आईची माया भक्कम होती, तेथे हा घाव बराचसा झेलला गेला.

बरे, या बर्कलीच्या मुलग्यांची गोष्ट येथे संपली असती तर ती शोकांतिका ठरली असती. पण ती संपली नाही. मोठे झाल्यावर त्यांच्यापैकी बहुतेकजण सैन्यात गेले, आणि ज्यांचे बालपण अधिक कष्टांत गेले होते ते अधिक लवकर गेले. सैन्याने त्यांना घरापासून दूर नेले, शिस्त दिली, बरोबरीच्यांचा संग दिला आणि स्वतःविषयी विचार करायला थोडा अवकाश दिला. लष्करी सेवेनंतर शिक्षणासाठी सरकारी मदतही मिळे. चाळिशीच्या सुमारास पाहिले, तेव्हा लवकर भरती झालेल्या या मुलग्यांनी मागचे अंतर बरेचसे भरून काढले होते. युद्ध हे काही सद्गुणांचे विद्यालय नव्हे. लढाईचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या अनेकांनी त्याच्या जखमा जन्मभर बाळगल्या. येथे मुद्दा एवढाच की, दुसरी संधी मिळाली तर माणूस ती घेतो.

खुद्द मॅकफार्लेनबाईंचा अनुभव याला साक्ष आहे. मुले अठरा वर्षांची असताना त्यांची एकूण लक्षणे पाहून संशोधकांनी त्यांच्या भवितव्याविषयी आडाखे बांधले होते. मुले तिशीला आल्यावर त्यांना पुन्हा भेटले, तेव्हा कित्येक आडाखे चुकलेले निघाले. ज्यांचे काही खरे नाही असे वाटले होते, त्यांतील अनेकजण समर्थ, समाधानी संसारी माणसे झाली होती. उलट, शाळेत ज्यांच्यावर सगळ्यांचे डोळे लागत, असे काही खेळाडू आणि देखण्या मुली पुढे निराश झालेल्या आढळल्या. १९६४ मध्ये लिहिताना बाईंनी हे मोकळेपणी सांगितले. संशोधकांनी मुलांचे त्रास मोजले होते. त्या त्रासांतून मुले काय शिकत होती, ते मोजले नव्हते.

ओकलंडच्या गोष्टीत आणखी एक बाजू आहे, आणि इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने ती दडवता कामा नये. या अभ्यासात मुले निवडताना त्यांची कुटुंबे शहरात टिकून राहतील ना, हे पाहिले होते. जी घरे पार उद्ध्वस्त होऊन देशोधडीला लागली, त्यांची मुले या वह्यांत फारशी येणे शक्यच नव्हते. त्याच काळात अमेरिकेत सुमारे अडीच लाख तरुण मुले-मुली मालगाड्यांच्या डब्यांत चोरून बसून गावोगाव भटकत होती, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला होता. त्यांच्या वयाच्या तिशीत त्यांना भेटायला कोणी संशोधक गेला नाही. शिवाय ओकलंडची मुले शिक्षण संपवून बाहेर पडली ती १९३९ च्या सुमारास, म्हणजे मंदी ओसरत असताना. पुढे युद्ध आले, त्यांतील दहापैकी नऊ मुलगे सैन्यात गेले, आणि युद्धानंतर देशात भरभराटीचा काळ आला. काम करायला शिकलेल्या हातांना काम देणारा काळ लाभला. तो लाभला नसता, तर त्यांच्या खंबीरपणाचे काय झाले असते? म्हणून संकटाने माणूस घडतो असे म्हणण्यापूर्वी, संकटानंतर त्याला काय मिळाले, हेही विचारले पाहिजे.

ही शंका एल्डरलाही होती. तिची पारख करण्याची संधी त्याला पन्नास वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका संकटाने दिली. ते संकट आयोवा या शेतीप्रधान राज्यातले. १९७० नंतरच्या दशकात तेथे धान्याला चढे भाव होते, जमिनीच्या किमती वाढत होत्या, आणि बँका शेतकऱ्याला बोलावून कर्ज देत होत्या. १९८० नंतर वारे फिरले. व्याजाचे दर भडकले, निर्यात घटली, आणि आयोवातील जमिनीची सरासरी किंमत १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक उतरली. ज्या जमिनीच्या तारणावर कर्ज घेतले होते, तीच कर्जाला पुरेनाशी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची शेते लिलावात गेली. आपल्याकडे सावकारी पाशाच्या कथा ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

१९८९ मध्ये रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी आयोवाच्या उत्तर-मध्य भागातील आठ परगण्यांतून ४५१ कुटुंबे घेतली. प्रत्येक घरात सातवीत शिकणारे एक मूल होते, म्हणजे वय बारा-तेरा. पुन्हा तेच वय! या वेळी मात्र संशोधक जाणूनबुजून संकटाचाच अभ्यास करीत होते. आई-बाप आणि मुले एकत्र बसून घरातल्या अडचणीविषयी बोलत असताना त्यांचे चित्रीकरणही केले गेले. त्यातून एक साखळी स्पष्ट झाली. पैसा कमी पडला म्हणजे बिले थकतात आणि गरजा कापाव्या लागतात; त्याने आई-बाप खचतात; खचलेली माणसे एकमेकांवर चिडतात; आणि नवरा-बायकोतला हा कलह शेवटी मुलांच्या अंगावर कठोर बोलण्याच्या, मारहाणीच्या किंवा पूर्ण दुर्लक्षाच्या रूपाने येऊन आदळतो. मुलाचे उदास होणे, बिघडणे, शाळेत घसरणे हे या साखळीच्या शेवटच्या कडीला येते. म्हणजे दारिद्र्य आणि मूल यांच्यामध्ये आई-बाप उभे असतात. साखळी त्यांच्यातून जाते, आणि म्हणूनच ती त्यांच्यापाशी तुटूही शकते.

ती कोठे तुटली? २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एल्डर आणि काँगर यांनी याचे उत्तर दिले. जमिनीशी नाते टिकवून असलेल्या घरांतील मुले, घरावर ओढ असूनही, शाळेत आणि चार लोकांत चांगली निघाली. या घरांत बाप-लेक एकत्र काम करीत. मुलाने पाळलेली जनावरे आणि त्याने केलेली मशागत यांचा संसाराला खराच उपयोग होता. आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर होते. आई-बाप शाळेच्या, चर्चच्या आणि गावाच्या कामांत वावरत; त्यामुळे गाव मुलाला ओळखत होते. यांतले काहीच विकत मिळणारे नव्हते, आणि लिलावात जाणारेही नव्हते.

हवाई बेटांपैकी कौआई येथे एमी वर्नर यांनी केलेल्या अभ्यासातही हेच सूत्र सापडते. तेथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा घेतला गेला. त्यांतील ज्या मुलांवर दारिद्र्य, घरातील कलह, आई-बापांचे आजार अशी अनेक संकटे दोन वर्षांची होण्याआधीच एकवटली होती, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ आणि प्रेमळ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी वारंवार दिसतात: निदान एक मोठे माणूस त्यांना घट्ट धरून होते, आणि वाढत्या वयात कोणाला तरी त्यांच्या मदतीची खरी गरज होती.

अलीकडच्या शरीरशास्त्राने या इतिहासाला दुजोरा दिला आहे. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढत्या मुलांच्या मेंदूची चित्रे वारंवार घेतली. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले की, मेंदूच्या पुढच्या भागातील करड्या द्रव्याची वाढ मुलींत सुमारे अकराव्या आणि मुलग्यांत सुमारे बाराव्या वर्षी कळसाला पोहोचते; त्यानंतर त्याची छाटणी सुरू होते. माळी रोप वाढू देतो आणि मग कात्री घेतो, तसेच हे. मेगन गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर त्याहून आशादायक गोष्ट पाहिली. अनाथालयांत आरंभीची वर्षे काढून नंतर चांगल्या घरी दत्तक गेलेल्या मुलांच्या शरीराची ताणाला तोंड देण्याची यंत्रणा मंदावलेली असे. ही मुले वयात येऊ लागली तशी ती यंत्रणा इतर मुलांसारखी होऊ लागली. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहानपणी बिघडलेले घड्याळ या वयात पुन्हा लावता येते. मात्र त्या वेळी घर मायेचे असले पाहिजे.

या सगळ्यातून आपण काय घ्यावे? अमेरिकेतील त्या कुटुंबांचा हिशेब आपल्या घराला जसाच्या तसा लागू पडेल, असे मी म्हणत नाही. त्यातही एका गैरसमजाला मी येथे वाव ठेवणार नाही. शाळेतून काढून हॉटेलात किंवा वीटभट्टीवर लावलेले बारा वर्षांचे मूल आणि शाळेत जाऊन घरच्या अडचणीला हातभार लावणारे ओकलंडचे मूल, ही दोन मुले एक नव्हेत. पहिल्याचे बालपण वापरले जाते. दुसऱ्याला घरात जागा मिळते. ओकलंडची मुले शाळेत राहिली, हे विसरून त्यांच्या कष्टांचे कौतुक करणे म्हणजे गरिबाच्या मुलाच्या मजुरीला पांडित्याचा मुलामा देणे होय.

परंतु सुस्थितीतल्या आपल्या घरांनाही हा इतिहास काही विचारतो. आज आपण बारा वर्षांच्या मुलाकडून परीक्षेच्या गुणांखेरीज काहीच मागत नाही. घरात काही बिनसले तर ते त्याच्यापासून लपवतो. लपवलेले त्याला कळत नाही, अशी आपली समजूत असते. वास्तविक त्याला आवाज कळतो, बंद दारे कळतात, वडिलांचे न जेवता उठणे कळते. कळत नाही ते फक्त कारण. आणि कारण न कळलेल्या मुलाची स्थिती बर्कलीच्या चार वर्षांच्या मुलासारखी होते: त्याच्यापुढे संताप असतो आणि हातात काहीच नसते. त्याला चार शब्दांत खरे सांगावे. त्याला झेपेल एवढे, पण खरोखरच उपयोगाचे, एखादे काम द्यावे. आणि आपला राग त्याच्यावर काढू नये. या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. पडत्या काळात नेमक्या त्याच अवघड होतात, हे मात्र खरे.

आणि जे घरापुरते खरे, ते गावापुरतेही खरे आहे. आई-बाप खचले की साखळी पुढे सरकते. म्हणून मुलांना सावरायचे असेल तर आधी खचलेल्या आई-बापांना हात द्यावा लागतो. दुष्काळात मिळालेले काम, थकलेल्या कर्जाला मिळालेली मुदत, शाळेत ठेवून घेतलेले मूल, या गोष्टींकडे आपण दया किंवा सवलत म्हणून पाहतो. ओकलंड आणि आयोवा यांच्या वह्या सांगतात की, ती बारा वर्षांच्या मुलाच्या चाळिशीतली पुंजी आहे. ती पुंजी आज कोणाच्या घरी कमी पडते आहे, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. आपल्याच आळीत अशी दोन-तीन घरे निघतील, आणि त्या घरांत सातवीतले एखादे मूलही असेल.